बारा नावं, पंधरा मुली

बारावी मुलगी स्पर्धेच्या हॉलच्या फाटकातून आत आली तेव्हा ताईचा जीव भांड्यात पडला. तेरावी आली तेव्हा तिला नवल वाटलं. चौदावी आली तेव्हा तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पंधरावी तर आईवडील, धाकटा भाऊ आणि पाण्याची भलीमोठी बाटली असा सगळा लवाजमा घेऊन आली. लांबूनच हात हलवत ओरडली, "ताई, आले हं मी! काळजी करू नका!"

ताईची काळजी नेमकी तिथूनच सुरू झाली.

मुलींच्या व्हॉलीबॉल संघाला ती गेली पंचवीसेक वर्षं शिकवत होती. पोरी बदलत गेल्या, ताई तीच राहिली. पन्नाशी उलटली, कानावरचे केस पांढरे झाले, गुडघा कुरकुरायला लागला, तरी तिला मावशी किंवा काकू म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मुलींच्या आयाही तिला ताईच म्हणत. त्यांतल्या दोघी तर एकेकाळी तिच्याच हाताखाली खेळलेल्या. दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा फ्रेममध्ये बसवायची, आणि संध्याकाळी पाच वाजले की शिट्टी गळ्यात अडकवून क्लबच्या मैदानावर हजर व्हायची. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारणारी माणसं एकेक करून संपली, तेव्हा तो प्रश्नही संपला.

संघात मुली किती घ्यायच्या, यावरून तिचं आणि क्लबच्या सचिवांचं दरवर्षी वाजायचं. सचिव हिशेबी माणूस. "बारा जणींचा संघ असतो ना? मग बारा घ्या. अठरा कशाला? एक ना धड, भाराभर चिंध्या!" ते म्हणायचे. ताई म्हणायची, "साहेब, बारा घेतल्या तर सात येतात. अठरा घेतल्या तर दहा. मुलींचं काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं."

मुलींचं काय काय असायचं ते ताईलाच ठाऊक. कुणाचा क्लास, कुणाच्या मावसबहिणीचा वाढदिवस, कुणाच्या घरी पाहुणे, आणि पाहुणे आले की ताटं उचलायला मुलगीच लागते, मुलगा खेळायला गेला तरी चालतो. एकीने तर "ताई, आज केस धुतलेत" असं कारण दिलं होतं. सरावाला पाच, सामन्याला सात-आठ, असं करत करत संघ वर्षानुवर्षं रखडत चालायचा. गेल्या साली मात्र हद्द झाली. याच स्पर्धेत, याच हॉलमध्ये, ऐन सामन्याला पाचच जणी आल्या. सहा नसतील तर संघ मैदानात उतरूच शकत नाही. समोरच्या संघाने नेटपलीकडून हात हलवले, पंचांनी शिट्टी वाजवली आणि न खेळताच ताईचा संघ हरला. त्या पाच पोरी जर्सी घालून, केस घट्ट बांधून नुसत्या उभ्या होत्या. त्यांचे चेहरे ताई विसरली नव्हती.

"पुन्हा असं झालं तर हा संघ बंद," सचिवांनी सरळ सांगितलं. "मैदान मुलांना देऊन टाकू. ते निदान येतात तरी."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. यंदा ताईने नेहमीसारखा सगळ्यांना मिळून एक निरोप पाठवला नाही. शनिवारी दुकानातून लवकर निघून ती घरी आली आणि एकेकीला स्वतः फोन लावत बसली. प्रत्येकीला तिने एकच वाक्य सांगितलं. "हे बघ, बाकीच्यांचं मला माहीत नाही. पण तू आली नाहीस तर संघच उभा राहत नाही."

हे वाक्य तिने कुठून काढलं होतं? तर आईकडून. आई शेवटची काही वर्षं अंथरुणावर होती. ताई मैदानावरून घरी पोचायची तेव्हा आईचं एकच पालुपद असायचं, "तुझ्यावाचून माझं पान हलत नाही गं." तेव्हा ताईला त्याचा वैताग यायचा. सगळ्या जगाची पानं हलतात, हिचंच तेवढं का अडून बसावं, असं तिला वाटायचं. मागच्या थंडीत आई गेली. आता ताई सातला येवो की दहाला, घराला काही फरक पडत नव्हता. कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, एका माणसाचं जेवण गरम करायचं. आईचं ते वाक्य पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून तिने काय वाटेल ते दिलं असतं. म्हणून तर ते तिच्या तोंडून इतकं खरं वाटलं. ज्या मुली शेजारच्या गल्लीतून मैदानावर यायला कुरकुरत, त्याही लगेच विरघळल्या.

एक पेन्सिल मात्र फोनवर घुटमळली होती.

पेन्सिल म्हणजे संघातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात काटकुळी मुलगी. उंची बघून ताईने तिला घेतलं खरं, पण बॉल अंगावर आला की ती डोळे मिटून घ्यायची. खेळात तशी यथातथाच. पण सरावाला न चुकता यायची. ताप असला तरी यायची, परीक्षेच्या आदल्या दिवशी यायची, कुणीच येणार नाही असं आभाळ भरून आलेलं असलं तरी यायची. कित्येकदा मैदानावर ताई आणि पेन्सिल दोघीच असायच्या. मग दोघी भिंतीवर बॉल मारत बसायच्या आणि फारसं न बोलता घरी जायच्या.

"ताई, उद्या बाबा जाणारेत," पेन्सिल फोनवर म्हणाली होती. तिचे वडील समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर वेल्डर. चार-चार महिने तिकडेच, मग काही दिवस घरी. "अकराची बस आहे. मी सोडायला जाते दर वेळी."

ताईने हातातल्या यादीवर नजर टाकली. नऊ जणींनी तोवर 'येते' म्हटलेलं होतं. पण तिच्या हिशेबात नऊ 'येते' म्हणजे धड सहासुद्धा नव्हत्या. आणि त्या सहांत एक जरी घसरली, तर संपलंच.

"तू आली नाहीस तर संघच उभा राहत नाही गं," ती म्हणाली.

"खरंच, ताई?"

"खरंच."

"मग येते," पेन्सिल म्हणाली. आणि आली. सगळ्यांच्या आधी आली, धुतलेली, इस्त्री केलेली जर्सी घरूनच अंगात घालून.

*

"नावं द्या, नावं!" टेबलामागून गुणलेखक ओरडला. "बाराच हं! आणि सह्या झाल्या की बदल नाही. आज दिवसभर हीच नावं."

"राखीव म्हणून तीन जणी बाकावर बसल्या तर?" ताईने विचारून बघितलं.

"बाकावर बारांतल्याच. बाकीच्या वर प्रेक्षकांत." त्याने मान वर केली. "गेल्या वर्षी तुमच्या पाच होत्या ना? आणि आज पंधरा! प्रगती आहे!"

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. ताई कागद घेऊन भिंतीला टेकली. अकरा नावं भराभर लिहून झाली. दोन मुली नव्याच होत्या, त्यांना अजून सर्व्हिसही धड जमत नव्हती, त्या आपोआप बाहेर राहिल्या. उरल्या दोघी. एक पेन्सिल आणि दुसरी डावखुरी.

डावखुरी गेले दोन महिने सरावाला फिरकली नव्हती. पण तिचा डावा हात बसला की पलीकडच्या पोरी बाजूला व्हायच्या. दारात तिची आई उभी होती, पोरीच्या पाठीवरून हात फिरवत. ताईला नुसतं खेळायचं असतं, संघ बंद पडू नये एवढंच हवं असतं, तर कुणाचंही नाव चाललं असतं. पण पंधरा पोरी डोळ्यांसमोर बघून तिच्या मनात लोभ शिरला. एकदा तरी कप घेऊन जावा आणि सचिवांच्या टेबलावर दाणकन ठेवावा, असं तिला वाटलं. तिने डावखुरीचं नाव लिहिलं आणि खाली सही ठोकली.

मग तिने मुलींना बोळात गोळा केलं आणि नावं वाचली. वाचून झाल्यावर तिने कागदाची घडी घातली. गळलेल्यांपैकी एका नव्या मुलीनेच तोंड उघडलं. तीच ती, लवाजमा घेऊन आलेली.

"पण ताई, तुम्ही तर म्हणालात मी नाही आले तर संघच उभा राहत नाही!"

"अय्या, मला पण तेच म्हणाल्या!" डावखुरी म्हणाली.

"मला पण!"

"मला पण! मी तर आईशी भांडून आले!"

बोळात हशा पिकला. कॅप्टनने ताईची नक्कल केली, अगदी आवाज जड करून, "बाकीच्यांचं मला माहीत नाही, पण तू..." आणि पोरी एकमेकींच्या अंगावर रेलून हसल्या. कुणाला राग आला नाही. ताईने गंमत केली, झालं. ताईसुद्धा हसली, दुसरं करणार काय?

पेन्सिल हसत नव्हती. ती ताईकडे बघत होती. मग ती पाठमोरी होऊन कपडे बदलायच्या खोलीत गेली. परत आली तेव्हा तिच्या अंगात साधा सदरा होता आणि हातात घडी केलेली जर्सी. क्लबकडे जर्सी बाराच होत्या. तिने ती डावखुरीच्या हातात दिली.

"थोडी लांब होईल तुला," ती म्हणाली. "खोचून घे."

*

पहिला सेट ताईच्या पोरींनी जिंकला. डावखुरीने कमाल केली. दुसरा सेट सुरू झाला तेव्हा ताईला दाराजवळ एक माणूस दिसला. उन्हाने रापलेला, खांद्याला मोठी कापडी बॅग, पायांत जाड तळव्यांचे बूट. तो आत यावं की नाही अशा विचारात उभा होता आणि मैदानावरच्या मुलींच्या चेहऱ्यांवरून त्याची नजर पुन्हा पुन्हा फिरत होती. मग बाकाकडे गेली. तिथेही त्याला हवं ते सापडलं नाही. ताईने त्याला पूर्वी कधी बघितलेलं नव्हतं, पण ती उंची आणि ते काटकुळे हात तिने ओळखले.

सेटमध्ये विश्रांतीची शिट्टी झाली तसा तो संकोचत जवळ आला.

"ताई ना तुम्ही? मी तिचा बाबा. उंच आहे बघा, ती." त्याने हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला. "बसला अजून वेळ आहे. म्हटलं, जाता जाता बघून जावं. घरी सारखं तुमचंच चाललेलं असतं. काल तर मला म्हणाली, बाबा, या वेळी नाही येता येणार स्टँडवर, माझ्याशिवाय संघच उभा राहत नाही." तो हसला. त्याच्या हसण्यात इतका अभिमान होता की ताईला त्याच्याकडे बघवेना. "मी म्हटलं, अरे वा, मग बघायलाच पाहिजे. कधी उतरणार ती?"

वर प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून पेन्सिल उठली होती. तिने वडिलांना बघितलं होतं आणि ती खाली येत होती.

आता हिला काय वाटेल? आणि याला काय सांगावं? ताईने मनातल्या मनात चार खोटी कारणं चाचपून बघितली. पाय मुरगळलाय. पुढच्या सामन्याला राखून ठेवलंय. मग तिला एकदम गेलं वर्ष आठवलं. ओस पडलेलं मैदान, भिंतीवर आपटणारा बॉल आणि समोर ही एकटी पोर. ही नसती तर आपण कधीच शिट्टी खुंटीला टांगली असती. आई गेली त्या आठवड्यातही आपण मैदानावर गेलो, ते ही तिथे वाट बघत उभी असेल म्हणून गेलो. तिला ते इतकं लख्ख दिसलं की डोळे भरून आले.

"आज ती खेळत नाहीये," ताई म्हणाली. "पण तिने तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. तुमची मुलगी आहे म्हणून हा संघ उभा आहे."

यातला शब्दन् शब्द खरा होता. इतकं खरं ती कित्येक दिवसांत कुणाशी बोलली नव्हती.

पेन्सिल तोवर येऊन वडिलांच्या शेजारी उभी राहिली होती.

"बाबा, ताई हे सगळ्यांनाच सांगतात," ती म्हणाली.

रागाने नाही, रडून नाही. नवीन आलेल्या माणसाला इथली पद्धत समजावून सांगावी, तसं. वडील एकदा मुलीकडे आणि एकदा ताईकडे बघून गोंधळल्यासारखे हसले. "असं होय," ते म्हणाले. ताईला नाही गं, तुझ्या बाबतीत खरंच, असं म्हणायचं होतं. पण काल फोनवरही 'खरंच' असंच म्हटलेलं होतं.

"चल मग," वडील म्हणाले. "येतेस का स्टँडपर्यंत? वाटेत काहीतरी खाऊ दोघं."

पेन्सिलने त्यांच्या खांद्यावरची बॅग एका बाजूने धरली. मग ती ताईकडे वळली. संघासोबत आलेलं असताना न विचारता जायचं नाही, हा ताईचाच नियम होता.

"ताई, मी गेले तर चालेल ना?"

मागे पंचांची शिट्टी झाली. पोरी बाकावरून ओरडत होत्या, "ताई! ताई, लवकर!"

"चालेल," ताई म्हणाली.

दोघं बापलेक बॅग मधे धरून दाराबाहेर पडले. पेन्सिल काहीतरी सांगत होती आणि वडील वाकून ऐकत होते. ताईला त्याचं बरं वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. मग ती वळून मैदानाकडे गेली.

*

कप मिळाला. दुपारी फोटो निघाला, त्यात बारा जणी पुढे आणि ताई मागे. सोमवारी तिने तो कप सचिवांच्या टेबलावर ठेवला. दाणकन ठेवायचा ठरवला होता, पण हळूच ठेवला. सचिवांनी तो फिरवून फिरवून बघितला आणि संघ चालू ठेवायचं कबूल केलं. "बघा, मुली यायला लागल्या की नाही? तुम्ही मनावर घेतलंत, म्हणून," ते म्हणाले. ताई तिथून निघाली. दुकानात जाऊन तिने दिवसभर काचा बसवल्या.

मंगळवारी सरावाला पाच जणी आल्या. जिंकल्यावर आता कशाला घाई, असं बाकीच्यांना वाटलं असणार, आणि परीक्षाही तोंडावर आलेल्या. डावखुरीचा क्लास होता. ताई शिट्टी हातात धरून रस्त्याकडे बघत राहिली. त्या वळणावरून लांब टांगा टाकत येणारी एक आकृती तिला रोजच्या सवयीने दोन-तीनदा दिसली, पण ती दरवेळी दुसरीच कुणी निघाली.

"ताई, पेन्सिल कशी नाही आली?" कॅप्टनने विचारलं. "तिला फोन करा ना. पुढच्या रविवारी त्या दुसऱ्या स्पर्धेची बाद फेरी आहे, जागा फिरवून बघायच्यात. तिच्याशिवाय सहा होत नाहीत."

ताईने फोन काढला. नंबर समोर आला. काय सांगायचं, याचा ती विचार करू लागली, आणि तिला एकच वाक्य सुचलं. ते आज खरं होतं. अगदी मोजून खरं होतं, पाच पोरी समोर उभ्या होत्या. तिने दुसरं काही सापडतंय का ते शोधलं. कशी आहेस, बाबा नीट पोचले का, असंही विचारता आलं असतं. पण त्याच्यानंतर शेवटी तेच आलं असतं, आणि ते ऐकून पलीकडे ती पोर काय म्हणेल, ते तिला आत्ताच ऐकू येत होतं.

तिने फोन पिशवीत टाकला.

"करताय ना, ताई?"

"नको. तिला वाटलं तर येईल ती."

"मग सहावी कोण?"

ताईने चष्मा काढला, घडी घालून बाकावर ठेवला. शिट्टी काढून त्याच्या शेजारी ठेवली. मागच्या रांगेत उजव्या कोपऱ्यात जाऊन ती उभी राहिली आणि दुखरा गुडघा जपत, जमेल तेवढी वाकली. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. हसावं की नाही, ते त्यांना ठरवता येईना.

"बघता काय?" ती म्हणाली. "सर्व्हिस करा."